दुनळीची वंशावळ

खंडेनवमीच्या दिवशी धारवाडातील मराठी घरांतून पाटावर काय काय मांडले जाते याची कोणी वर्षानुवर्षे नोंद ठेवली असती, तर आपल्या समाजाच्या चरितार्थाचा इतिहास आपोआप तयार झाला असता. आमच्या घरी दौत आणि लेखण्या, विळी, कात्री आणि शाळेच्या कपाटांच्या किल्ल्या असतात. शेजारच्या डॉक्टरांकडे नाडीतपासणीची नळी असते, कोपऱ्यावरच्या सुतारकाकांकडे रंधा आणि पटाशी. अलीकडे तरुण मंडळी संगणकालाही हळदकुंकू वाहतात आणि मग ते कळांच्या फटींतून काढताना त्यांच्या नाकी नऊ येतात. नाव मात्र खंडेनवमी, म्हणजे खांड्यांची, तलवारींची नवमी. त्या नावाला शोभेल असे हत्यार सप्तापुरात आम्ही एकाच घरी पाहिले. तिथे पाटावर एक दुनळी रायफल असे.

त्या घरचे यजमान आमच्याहून तीस-एक वर्षांनी वडील. बांधकाम खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. सारी गल्ली त्यांना काका म्हणे, आम्हीही म्हणत असू. ते आम्हांला 'मास्तर' म्हणत, आणि त्या हाकेत मुख्याध्यापकपदाचा मान ठेवण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही. वीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे प्रथमच खंडेनवमीच्या आरतीला गेलो असता, प्रसादाचे पेढे वाटून झाल्यावर त्यांनी ती रायफल उचलली, मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचे डोळ्यांनी आणि बोटाने तपासले, आम्हांलाही तपासायला लावले आणि मग म्हणाले, "घ्या मास्तर, धरून बघा. हातात घेतल्याशिवाय हिच्याबद्दल बोलू नये."

आम्ही ती हातात घेतली. आयुष्यात बंदूक पहिल्यांदाच धरत होतो. वजन साडेचार किलोंच्या आसपास. पण खांद्याला लावताच ते वजन कोठे गेले ते कळेना. दस्ता गालाशी आला, डोळा आपोआप पाठीमागच्या खाचेत गेला आणि खाचेतून पुढची पांढरी माशी दिसली. काका हसले. म्हणाले, "बसली ना? माझ्या आजोबांच्या मापाची आहे ती. तुमचे हात त्यांच्याएवढेच लांब दिसतात." त्या क्षणापासून ती रायफल आपली असावी असे आम्हांला वाटू लागले, हे आज कबूल करायला हरकत नाही.

हे वाटणे विचित्र होते. आम्ही माशी मारताना दोनदा विचार करणाऱ्यांपैकी. शिकारीचा आम्हांला शौक नाही आणि असता तरी उपयोग नव्हता, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो दरवाजा कायमचा बंद केला. वाघाच्या शिकारीला तर त्याआधीच, १९७० मध्ये, बंदी आली होती. ज्या कामासाठी ते हत्यार घडवले गेले ते काम आता गुन्हा आहे. तरीही ज्यांनी जुनी शिकारी रायफल एकदा खांद्याला लावली आहे ते वाचक आमचे म्हणणे समजतील. तिच्या ओढीचे मूळ मारण्याच्या इच्छेत नसावे. ते बहुधा घडणावळीत आहे.

काकांची रायफल बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या पेढीची, ४५०/४०० जातीची होती. ही जात हिंदुस्थानात एके काळी फार लोकप्रिय. दोन नळ्या शेजारी शेजारी, दोन चाप, आणि दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, ज्यात धुरासारख्या काळ्या रेषा. दुनळी रायफलीतली खरी अडचण नळ्या बनवण्यात नसते, त्या एकत्र जोडण्यात असते. दोन नळ्या अगदी समांतर जोडल्या, तर बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने उजवीची गोळी उजवीकडे आणि डावीची डावीकडे जाते. म्हणून त्या तोंडाकडे किंचित जवळ आणाव्या लागतात. किती, हे गणिताने नीट सांगता येत नाही. कारागीर दोन नळ्यांमध्ये पाचर बसवून ती झाळून टाकी, मैदानावर जाऊन दोन्ही नळ्यांतून बार काढी, गोळ्या कोठे लागल्या ते पाही, झाळ पुन्हा तापवून पाचर केसभर सरकवी, आणि पुन्हा बार काढी. ठरलेल्या अंतरावर दोन्ही गोळ्या हाताच्या पंजात झाकतील इतक्या जवळ येईपर्यंत हे चाले. एकेका रायफलीला कित्येक दिवस लागत, आणि तीही एकाच विशिष्ट काडतुसाला जुळवलेली असे. काडतुसाची दारू बदलली की जुळणी बिघडली. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात दारूचा दाब वाढतो, रिकामे काडतूस नळीत घट्ट अडकून बसते, म्हणून उष्ण प्रदेशासाठी वेगळ्या भरणीची काडतुसे निघाली होती. म्हणजे वैशाखातल्या उन्हाचा विचार बर्मिंगहॅमच्या धुक्यात बसून कोणीतरी केला होता.

या जातींच्या इतिहासात राजकारणही शिरलेले आहे. १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात ४५० बोअरच्या रायफलींची व काडतुसांची आयात बंद केली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका त्याच बोअरच्या होत्या आणि त्या बंडखोरांच्या हाती पडलेल्या असल्यास त्यांना काडतुसे मिळू नयेत हा हेतू. त्यामुळे विलायतेतील पेढ्यांना घाईघाईने नवी मापे काढावी लागली. ४६५ आणि ४७० या जाती त्यातून रूढ झाल्या. वाघाच्या शिकाऱ्याने कोणते माप वापरावे हे वाघाच्या कातडीवर ठरले नाही, सरकारच्या भीतीवर ठरले. काकांच्या आजोबांच्या हाती ४५०/४०० आली तिचे एक कारण हेही असेल, कारण तिची गोळी ४०० मापाची आणि म्हणून ती बंदीत सापडली नाही.

हे आजोबा दक्षिण महाराष्ट्रातील एका संस्थानच्या शिकारखान्यावर कारभारी होते. हाके बसवणे, मचाणे बांधणे, पाहुण्या साहेबाला वाघ मिळेल आणि वाघाला साहेब मिळणार नाही याची तजवीज करणे, हे त्यांचे काम. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वर्षी संस्थानिकांनी स्वतःसाठी नव्या रायफली मागवल्या आणि ही एक कारभाऱ्यांना बक्षीस दिली, असे घरात सांगत. त्या काळी असे बक्षीस म्हणजे केवळ किमती वस्तू नव्हे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती आणि गोऱ्या माणसाला त्या अटीतून मोकळीक होती. काँग्रेसने त्याविरुद्ध आरंभीच्या काळापासून ठराव केले होते. अशा काळात सामान्य कारभाऱ्याच्या घरी दुनळी आली, तेव्हा सगळ्या गावाने ती पाहायला गर्दी केली असेल यात शंका नाही.

आमच्या या मुलखाला तर हत्यार हिसकावून घेतले जाण्याची आठवण फार जुनी आहे. १८५७ मध्ये सरकारने हत्यारे जमा करण्याचा हुकूम काढला, तेव्हा मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेडांनी तो मानला नाही. शिकार आणि राखण हाच त्यांचा धंदा; हत्यार गेले म्हणजे हात गेला. नोव्हेंबरात फौज त्यांच्या गावावर चालून गेली, गाव जळाले, आणि पुढे कित्येकांना फाशी दिले. त्यावरची कन्नड लावणी इकडे दहावीच्या मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचली आहे. पुढच्या वर्षी नरगुंदचे बाबासाहेब भावे, आपल्यातलेच, यांच्यावरही तोफा आणि दारूगोळा धारवाडास पाठवण्याची सक्ती आली. दत्तक नामंजूर झाल्याचे शल्य होतेच, त्यात ही भर पडली. २९ मे १८५८ च्या रात्री त्यांच्या माणसांनी सुरेबान येथे मॅन्सन साहेबास ठार केले, आणि १२ जूनला बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाले. आणि याच कर्नाटकात कोडगूच्या लोकांना मात्र बंदुकीच्या परवान्यातून ब्रिटिशांच्या काळापासून सूट आहे; २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी, म्हणजे २०२९ पर्यंत, वाढवण्यात आली. त्यांच्या कैलपोळ्द सणाला बंदुकीची पूजा होते आणि घरी मुलगा जन्मला की तिचा बार काढून गावाला वर्दी देण्याची चाल आहे. एकाच राज्यात एका गावाला हत्यारापायी जाळले आणि एका जिल्ह्याला हत्यारासह मान दिला. इतिहासाच्या तासाला मुले याचे कारण विचारतात. एका वाक्यात सांगता येण्यासारखे ते नाही.

काका मात्र परवानाधारक नागरिक होते आणि नियम पाळण्यात त्यांना एक प्रकारचा आनंद वाटे. निवडणूक आली की आमच्या शाळेत मतदानकेंद्र बसे, बाके व्हरांड्यात येत. आणि त्याच आठवड्यात काका रिक्षातून पेटी घेऊन पोलीस ठाण्यात रायफल जमा करायला जात. निकाल लागला की परत आणत आणि "निघाली बाई माहेराहून" असे म्हणत. वर्षातून दोनदा तेल, गजाला गुंडाळलेली मऊ चिंधी, पावसाळ्यात दर पंधरवड्याला तपासणी. परंतु ती उडवताना आम्ही त्यांना कधी पाहिले नाही. तिची काडतुसे आपल्याकडच्या दुकानांत मिळत नाहीत हे कारण ते सांगत. सरकारी कारखान्यांच्या ३१५ च्या किंवा बारा बोअरच्या काडतुसांचा हिला काही उपयोग नाही. "हिचे दात शाबूत आहेत, पण जेवण बंद आहे," असे एकदा म्हणाले. शिकारीच्या गोष्टी मागितल्या की आजोबांच्या सांगत. स्वतःची एकही नाही.

२०२३ च्या श्रावणात काका अंथरुणाला खिळले. आम्ही एका संध्याकाळी जवळ बसलो असता त्यांनी भिंतीकडे, जिथे पेटीचे कपाट होते तिकडे, बोट केले. म्हणाले, "मास्तर, पोरगा हिला ठेवणार नाही. हिला परक्या हाती जाऊ देऊ नका." आम्ही "हो" म्हणालो. आजाऱ्यापुढे माणूस "हो" म्हणतोच. पण आमच्या त्या "हो"मध्ये आमचा लोभही होता. ती आपल्याकडे येण्याची वाट उघडली, असे तेव्हा मनात आले होते. हे त्यांच्या डोळ्यांत पाहत असताना आले, म्हणून अधिक लाजिरवाणे वाटते. चार दिवसांनी ते गेले.

परवानाधारक मरण पावला की हत्यार विनाविलंब ठाण्यात अगर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला हवे असल्यास त्याने स्वतःचा परवाना काढायचा. चिरंजीव पुण्यास असतात, सदनिकेत दोन लहान मुले. त्यांनी पहिल्याच दिवशी नकार दिला. त्यात गैर काही नाही. आम्ही त्यांना आमची इच्छा सांगितली. ते म्हणाले, "घ्या ना सर, बाबांनाही आवडलं असतं. कागद तेवढे तुम्ही करा."

कागद करायला आम्ही बसलो. अर्जात हत्याराची गरज कशासाठी असा प्रश्न असतो. आत्मसंरक्षण, पीकसंरक्षण, नेमबाजीचा खेळ, अशी उत्तरे लोक देतात आणि ती खरी असतात. इकडे मलनाडात रानडुकरांपायी ज्यांचे भात जमीनदोस्त होते त्यांना विचारून पाहावे. आमच्या सात गुंठ्यांच्या बागेत डुक्कर आलेले नाही. कोणी आमच्या जिवावर उठलेले नाही. फार तर इयत्ता नववीची 'ब' तुकडी. आम्ही तासभर लेखणी धरून बसलो. "ही फार सुंदर घडवलेली आहे आणि ती खांद्याला नीट बसते" हे खरे उत्तर होते, आणि ते त्या रकान्यात मावणारे नव्हते. इतर काही लिहिले असते तर ते खोटे झाले असते. आमच्या सौ. भाजी निवडत समोर बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "समजा मिळाली. मग आपल्या घरी ती कोण आहे म्हणून राहणार?" बायकांचे प्रश्न कधी कधी सरकारी अर्जापेक्षा नेमके असतात.

दुसरी एक वाट होती. जे हत्यार जुनाट किंवा मोडके असून दुरुस्त करूनही उडू शकत नाही, त्याला हत्यारांचा कायदा लागत नाही. नळ्यांत शिसे ओतून, घोडे काढून ती कायमची निकामी करून घेतली असती, तर रीतसर दाखल्यानिशी ती दिवाणखान्यात टांगता आली असती. काही घरांत अशा बंदुका आम्ही पाहिल्या आहेत, वाघाच्या भुसा भरलेल्या मुंडक्याखाली तिरक्या लावलेल्या. आम्हांला ते दृश्य आवडत नाही. दोन मेलेली जनावरे एकाच भिंतीवर! ज्या दोन नळ्या एकाच बिंदूवर आणण्यासाठी कोण्या कारागिराने आठवडाभर पाचर सरकवली, त्यांत शिसे ओतायला सांगणारे आम्ही कोण? मोकळेपणाने बाळगायची तर ती मारावी लागणार, आणि जिवंत ठेवायची तर तिच्यासाठी खोटे बोलावे लागणार. आम्ही अर्ज फाडला नाही. घडी करून शब्दकोशात ठेवला. अजून तिथेच आहे.

तेराव्यानंतर ठाण्यात वर्दी देऊन रायफल हुबळीच्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायचे ठरले. आदल्या दिवशी आम्ही तिला अखेरचे तेल दिले. पेटी चामड्याची, आत हिरवी बनात. एका कोपऱ्यात बनात उकललेली दिसली, म्हणून ती डिंकाने चिकटवावी या हेतूने जरा उचलली, तर खाली दोऱ्याने बांधलेली एक जाड गड्डी. मनिऑर्डरच्या पोचपावत्या. पहिली १९६६ मधली, रुपये पंधरा. मग वीस, पन्नास, शेवटी शेवटी शंभर. प्रत्येकीवर पैसे घेणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा. महिन्याला एक, सलग तेवीस वर्षे. पावणेतीनशेच्या घरात भरल्या. नाव एका गवळी धनगराचे, पत्ता हळियाळच्या पलीकडच्या एका वाडीचा. अगदी वरती १९८९ मधला परत आलेला एक फॉर्म होता, त्यावर पोस्टाचा शेरा, घेणारा मयत.

काकूंना विचारायचे धाडस झाले नाही. त्याच आल्या, गड्डी पाहिली आणि पेटीशेजारी जमिनीवर बसल्या. मग त्यांनी सांगितले ते असे. १९६६ च्या उन्हाळ्यात, नुकते लग्न झालेले असताना, काकांनी हळियाळकडच्या जंगलातील एका ब्लॉकचा परवाना काढला होता. तेव्हा राज्याचे नाव म्हैसूर होते आणि जंगल खाते शिकारीसाठी असे ब्लॉक देत असे. मचाणावर तिन्हीसांजेला वाघ आला. काकांनी बार काढला, वाघ उसळून बांबूत गेला. जखमी वाघाचा माग काढून त्याला संपवल्याशिवाय जंगल सोडायचे नाही, हा शिकाऱ्याचा पहिला धर्म. आजोबांनी तो नातवाच्या कानी लहानपणापासून घातलेला. अंधार पडला म्हणून ते उतरले नाहीत. सकाळी उतरले, दुपारपर्यंत रक्ताचा माग काढला, नाल्याच्या दगडांत तो हरवला. रजा संपत होती. ते धारवाडला परतले. चौथ्या दिवशी त्या नाल्याच्या वरच्या अंगाला म्हशी चारणाऱ्या एका माणसावर वाघ आला. माणूस वाचला, उजवा हात खांद्यापासून गेला. तो तोच वाघ होता की दुसरा, हे कोणी सिद्ध केले नाही. काकांनी सिद्ध होण्याची वाट पाहिली नाही. दवाखान्याचा खर्च केला आणि पुढे दर महिन्याच्या दोन तारखेला पोस्टात गेले.

"त्यानंतर उडवली नाही कधी," काकू म्हणाल्या. "मी एकदा म्हटलं, विकून टाका मग. तर म्हणाले, विकली की विसरायला होईल."

त्या रात्री आम्हांला जिम कॉर्बेटची रायफल आठवली. जुन्या रायफलींच्या दुनियेत तिच्याएवढी कीर्ती थोड्यांची. १९०७ मध्ये कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने ४३६ माणसे मारल्याचा हिशोब त्याने दिला आहे. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर ह्यूएट यांनी त्याला रिग्बी पेढीची २७५ बोअरची रायफल भेट दिली, दस्त्यावर चांदीची पाटी लावून. कॉर्बेट १९५५ मध्ये केनियात वारला. ती रायफल पुढे विलायतेत राहिली, २०१५ मध्ये ज्या पेढीने ती घडवली तिनेच ती विकत घेतली, आणि २०१६ मध्ये ती कॉर्बेटच्या छोटी हल्द्वानी या गावी लोकांना दाखवण्यासाठी आणली गेली. रायफल तीच, पण त्या पाटीवाचून ती तशा शेकडोंतली एक ठरली असती. मात्र पाटीवर एक गोष्ट कोरलेली नाही, जी कॉर्बेटने स्वतः लिहून ठेवली आहे. त्या वाघिणीच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते, एक अर्धा आणि एक मुळापर्यंत. कोणाच्या तरी फसलेल्या गोळीने. त्यामुळे तिला नैसर्गिक सावज धरता येईना आणि ती माणसांकडे वळली, असे त्याचे मत. ज्याने ती गोळी झाडली त्याच्या बंदुकीवर पाटी नाही. तीही कोणाच्या तरी दिवाणखान्यात, तेलपाणी करून, मानाने टांगलेली असेल.

आता रायफल हुबळीच्या दुकानातील तिजोरीत आहे. विक्रेते चोख आणि अबोल गृहस्थ आहेत. त्यांनी सांगितले की परदेशी शिकारी रायफली व्यक्तींना आयात करता येणे केव्हाच बंद झाले, म्हणून अशा जुन्या मालाला गिऱ्हाईक येते, कधी फार लांबून येते. गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न करते, ही कोणाची? त्यावर कागद असेल तर किंमत वेगळी. "वंशावळ लागते सर, घोड्याला लागते तशी," ते म्हणाले.

परक्या हाती जाऊ न देण्याचा शब्द आमच्याकडून पाळला जाणार नव्हता, हे तोवर उघड झाले होते. ज्याच्या हाती जाईल त्याला निदान ती परकी राहू नये, एवढे करता येण्यासारखे होते, आणि ते आमच्या धंद्यातले काम. एक दोनशेपानी वही आणली. रायफलीचा क्रमांक, पेढीचे नाव, नळ्यांवरची चाचणीची छापे, आजोबांचे काम, संस्थानचे बक्षीस, घरात तीन पिढ्यांनी तिला काय म्हटले, निवडणुकीला ती किती वेळा ठाण्यात गेली, हे सगळे काकूंना विचारून लिहून काढले. १९६६ पाशी थांबलो आणि चिरंजीवांना पुण्यास फोन केला.

ते बराच वेळ गप्प होते. त्यांनाही हे ठाऊक नव्हते. मग म्हणाले, "हे लिहू नका सर. किमतीचं सोडा. बाबांचं नाव अनोळखी माणसाच्या कपाटात जाईल, आणि सोबत हे जाईल." त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. वडिलांचा अपराध मुलाच्या परवानगीवाचून सांगण्याचा आम्हांला काय अधिकार? आम्ही वही मिटली आणि काकूंकडे पाहिले. त्यांनी फोन मागून घेतला. मुलाला त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, पावत्या त्यांनी बँकेच्या कागदांत ठेवल्या नाहीत. तिच्या पेटीत ठेवल्या. मास्तर, लिहा तुम्ही."

लिहिले. नावे गाळली, वाडीचे नावही गाळले. तारखा आणि रकमा ठेवल्या. पावत्या काकूंनी स्वतःजवळ ठेवून घेतल्या. पेटीत त्या जागी वही बसली, आणि बनात चिकटवली गेली.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला काकूंच्या पाटावर रायफलीचा गज आणि तेलाची अर्धी बाटली होती. तेवढे बाळगायला परवाना लागत नाही. नैवेद्य नेहमीचाच.

परवा दुकानात वही देण्यास गेलो. विक्रेत्यांना मराठी बोललेले समजते, वाचताना ओळीखाली बोट धरावे लागते. त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. दुकानात दोन गिऱ्हाइके येऊन गेली, त्यांना त्यांनी मान वर न करता बसायला सांगितले. दहाव्या पानावर बोट थांबले, मग पुढे गेले, पुन्हा मागे आले. वही मिटून त्यांनी ती आमच्याकडे परत सरकवली आणि म्हणाले, "सर, इदन्न कन्नडदागू बरदु कोड्री." हे कन्नडातही लिहून द्या. घेणारा कोडगूचा निघाला तर त्याला कोण वाचून दाखवणार, हा त्यांचा मुद्दा.

ते काम सध्या चालू आहे. शाळा सुटल्यावर रोज एक पान होते. संस्थानचा भाग सोपा गेला. नवव्या पानापर्यंत आलो आहोत.